हातातील कला : रक्तातली की अंगणातली?

(समाजाच्या वार्षिक संमेलनात बालवर्ग समितीच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 माझ्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी वसतिगृह, शिष्यवृत्त्या आणि आपल्या पिढीजात धंद्याची आजची स्थिती अशा मोठ्या विषयांचे विवेचन केले. माझा विषय त्यामानाने लहान आहे. किंबहुना ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे ती माणसेच लहान आहेत. तीन ते सहा वर्षांची आपली मुले ज्या परिसरात वाढतात आणि शिकतात, त्या परिसराचा त्यांच्या हातापायांच्या कौशल्यावर कोणता परिणाम होतो, एवढाच प्रश्न मी आपणापुढे मांडणार आहे. प्रश्न लहान दिसला तरी उद्याच्या सर्वसाधारण सभेत आपण जो एक निर्णय घेणार आहोत त्याच्याशी तो निगडित आहे. त्या निर्णयाकडे मी शेवटी येईन.

आपल्या शिंपी समाजात एक बोल मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कोणाच्या घरी मुलगा झाला की वडील माणसे कौतुकाने म्हणत, "शिंप्याच्या पोराला सुई धरायला शिकवावी लागत नाही, ती कला त्याच्या रक्तातच असते." या बोलात अभिमान आहे आणि तो निष्कारण नाही. ज्या हातांनी पिढ्यानुपिढ्या गावाची अंगे झाकली, त्या हातांचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु अभिमान ही एक गोष्ट आणि सत्य ही दुसरी. बालवर्गात मुलांच्या सहवासात बरीच वर्षे काढल्यावर या बोलाविषयी माझ्या मनात शंका उत्पन्न झाली, आणि ती कशी झाली हे सांगितल्यावाचून माझा विषय पुढे जाणार नाही.

आपल्या बालवर्गात एक साडेचार वर्षांचा मुलगा आला. नाव सांगत नाही. घराणे आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. पणजोबांपासून सर्वजण नामांकित कारागीर. मूल चांगले चुणचुणीत, बोलण्यात तरबेज, गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी तोंडपाठ म्हणून दाखवील. परंतु त्याला स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती. पायरी उतरताना तो दर पायरीवर दोन्ही पाय टेकवी आणि माझा हात सोडीत नसे. मणी ओवावयास दिले तर दोन मण्यांनंतर बोटे थकत आणि तो रडकुंडीस येई. त्याच वर्गात शेजारच्या इमारतीच्या राखणदाराची मुलगी होती. तिच्या घरी कोणी सुई धरलेली नाही. ती मात्र पायऱ्या धावत उतरे, पाण्याचे भांडे न सांडता नेई आणि भराभर मणी ओवी. कला रक्तात असती तर हे असे उलटे का घडले असते?

मुलाच्या घरी गेले तेव्हा उत्तर मिळाले. चौथ्या मजल्यावरील सुबक घर. गुळगुळीत फरशी, काचेचे टेबल, ठेवणीतल्या वस्तू. पडेल म्हणून धावायचे नाही, सांडेल म्हणून ओतायचे नाही, टोचेल म्हणून सुईला हात लावायचा नाही. सदरा आई घालते, बूट आजी घालते, घास भरवावा म्हणून समोर भ्रमणध्वनी ठेवलेला असतो आणि त्यावरील चित्रे पाहता पाहता जेवण उरकते. हे सारे त्या माउलींच्या प्रेमातूनच होत होते, यात मला तिळमात्र संशय नाही. पण त्या घरात मुलाच्या हातापायांना करण्यासारखे काही उरलेच नव्हते. राखणदाराच्या मुलीला मात्र धाकट्या भावाला सांभाळावे लागे, नळावरून लोटी भरून आणावी लागे, आवारातल्या वाळूच्या ढिगावर खेळावयास मिळे.

आता आपल्या आजोबांचे दुकान आठवा. ओटीवरची एक खोली, खाली सतरंजी, तीवर कापडाचे ढीग, कोपऱ्यात पायाने चालवायचे शिवणयंत्र. घरातले मूल तेथेच रांगे आणि तेथेच चालावयास शिके. रिकामी लाकडी रिळे दोरीत ओवून त्यांची आगगाडी होई. गुंड्यांचा डबा उपडा झाला म्हणजे त्या रंगाप्रमाणे वेचून पुन्हा भरण्याचे काम त्या पोराकडे येई. कतरणीतले तुकडे गोळा करावेत, खडूने फरशीवर रेघा ओढाव्यात, आजोबांचे अंगुस्तान बोटात घालून पाहावे. आजी म्हणे, "माझ्या डोळ्यांना दिसत नाही रे बाळा, एवढा दोरा ओवून दे." आणि मूल जीभ बाहेर काढून, श्वास रोखून दोरा ओवी. थोडे मोठे झाले की कच्चा धावदोरा उसवण्याचे काम त्याला मिळे. सातव्या-आठव्या वर्षी त्याने पहिली गुंडी लावली की सारे म्हणत, "पाहा, न शिकवता आले!" न शिकवता कसले? त्यापूर्वीची पाच-सहा वर्षे त्याचे शिक्षणच चालले होते. फक्त त्या शिक्षणाला शाळा हे नाव नव्हते. आपण ज्याला रक्त म्हणत आलो, तो त्या ओटीचा गुण होता.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. कोवळ्या मुलांना धंद्यास जुंपावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्या काळी कित्येक मुलांची शाळा दुकानापायी बुडाली, हेही मी विसरलेली नाही. शिवाय त्या ओटीवर मुलाची सोय झाली ती मुलासाठी नव्हे. ती आपोआप झाली. आज ओटी गेली, दुकाने गेली, आपली मुले शिकून नाना व्यवसायांत शिरली, हे चांगलेच झाले. परंतु जे आपोआप होत होते ते आता आपोआप होणार नाही. ते जाणून-बुजून करावे लागेल, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

शास्त्र या बाबतीत काय सांगते ते थोडक्यात पाहू. शरीराच्या हालचालींवरील प्रभुत्वाला आजचे बालमानसशास्त्र कारक कौशल्य म्हणते. त्याचे दोन भाग. चालणे, धावणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, चेंडू फेकणे ही मोठ्या स्नायूंची कामे. आणि उचलणे, ओतणे, ओवणे, कातरणे, गुंडी लावणे, रेघ ओढणे ही हाताच्या व बोटांच्या लहान स्नायूंची कामे. विकासाचा क्रम साधारणतः डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे जातो. प्रथम मान सावरते, मग पाठ, मग पाय. तसेच प्रथम खांदा स्थिर होतो, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटांची टोके. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. जे मूल झाडाला लोंबकळलेले नाही, ज्याने बादली ओढलेली नाही, त्याच्या खांद्यात बळ कमी. आणि खांदा डळमळता असेल तर बोटे लेखणी कशी चालवतील? लिहिण्याची सुरुवात पाटीवर होत नाही, ती अंगणात होते.

हाडांचाही विचार करावा. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती सारी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. पहिल्या काही महिन्यांत त्यांपैकी दोन हाडे घट्ट होऊ लागतात, मग एकामागून एक इतर. शेवटच्या हाडाला नऊ ते बारा वर्षांचे वय उजाडते. तीन वर्षांच्या मुलाचे मनगट म्हणजे अर्धे बांधून झालेले घर आहे. दोन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते. तीन बोटांत लेखणी नीट खेळवणे साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमते. बहुतेक मुलांना तिसऱ्या वर्षी गोल काढता येतो, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास त्रिकोण. अक्षरांत तर गोल, उभी रेघ, तिरपी रेघ आणि गाठ हे सारेच येते.

मग निसर्गाचा वाटा किती आणि परिसराचा किती? दोहोंचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आधाराशिवाय चालण्याचे वय सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. म्हणजे शेजारणीचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्यात, तर घाबरण्याचे कारण नाही. वेन डेनिस हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी यांनी १९४० साली अमेरिकेतील होपी या आदिवासी जमातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या जमातीत तान्ह्या मुलाला पहिले काही महिने फळीला बांधून ठेवीत. तरी ती मुले न बांधलेल्या मुलांच्या सुमारासच चालू लागली. निसर्गाची चाल अशी चिवट असते. परंतु त्या मुलांना पुढच्या महिन्यांत मोकळीक मिळाली होती आणि आईची कूस तर प्रथमपासूनच होती, हे विसरता कामा नये.

ही मोकळीक आणि ही कूस दोन्ही नसतील तर काय होते, हेही त्याच डेनिस यांनी दाखवून दिले. १९६० साली त्यांनी तेहरानमधील तीन अनाथालयांतील मुलांविषयी लिहिले. दोन अनाथालयांत मुले बहुतेक वेळ पाळण्यात उताणी पडून असत. त्यांना कोणी बसते करीत नसे, खेळणी नसत, सांभाळणाऱ्या बाया फार थोड्या. तेथील दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलांपैकी शेकडा ६० मुलांना एकट्याने बसता येत नव्हते, आणि चौथ्या वर्षात असलेल्यांपैकी शेकडा ८५ मुले एकट्याने चालत नव्हती. तिसऱ्या अनाथालयात मुलांना मांडीवर घेऊन दूध पाजीत, पालथे निजवीत, टेकू देऊन बसवीत, हातात खेळणी देत. तेथील मुलांची प्रगती पुष्कळच चांगली होती. शहर तेच, मुलेही सारखीच अनाथ. फरक होता तो परिसराचा. आपल्या घरातील मुले अनाथ नाहीत, उलट फार लाडकी आहेत. पण हालचालीला वाव नसलेला लाड आणि हालचालीला वाव नसलेली अनास्था, यांचे फळ हातापायांपुरते काहीसे सारखेच येऊ शकते, हा विचार मला अस्वस्थ करतो.

परिसर हाच शिक्षक, ही गोष्ट ज्यांनी प्रथम पद्धतशीरपणे अमलात आणली त्यांत मारिया माँटेसरी यांचे नाव अग्रगण्य आहे. त्या व्यवसायाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी मजुरांच्या मुलांसाठी बालगृह उघडले. तेथे मुलांच्या उंचीच्या खुर्च्या होत्या, मुलांना उचलता येतील अशी भांडी होती आणि, बंधुभगिनींनो, आपल्या धंद्याला मान मिळावा अशी एक वस्तू होती. लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर बसवलेले. एका चौकटीला गुंड्या व काजे, दुसरीला आकडे, तिसरीला नाड्या. मुलाने ते पदर जुळवावेत, सोडावेत, पुन्हा जुळवावेत. आपल्या ओटीवर जे काम म्हणून पडलेले असे, तेच माँटेसरीबाईंनी शिक्षणाचे साधन म्हणून मुलापुढे ठेवले. त्यांच्या बालगृहातील चार-पाच वर्षांची मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागली, ही हकीकत जगभर गाजली. तिचे रहस्य जादूत नव्हते. त्यापूर्वी त्यांच्या बोटांनी खरखरीत कागदाची अक्षरे कितीतरी वेळा गिरवली होती, आकृत्यांच्या कडेने रेघा ओढल्या होत्या, हात तयार केला होता. हात तयार झाला आणि अक्षर त्याच्यामागून आले.

हा विचार आपल्याकडे परक्या वेषात राहिला नाही. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु माँटेसरीची साधने महाग. खेड्यातील बालवाडीला ती परवडणार कशी? १९४५ साली ताराबाई बोर्डी येथे गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. वस्तीतील गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी मुलांच्या दारी, त्यांच्याच अंगणात बालवाडी नेली, तीच अंगणवाडी. खडे, शिंपले, बिया, पाने, माती, बांबू हीच साधने झाली. पुढे डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य वाढले आणि आदिवासी मुलांपर्यंत पोहोचले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रालाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. या नावातच सारे तत्त्वज्ञान आहे. मुलाचे पहिले विद्यालय इमारत नव्हे, अंगण होय.

आता आपल्या घरांकडे वळू. परिसर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. जागा, वस्तू, वेळ आणि मोठी माणसे, या चारही गोष्टी मिळून परिसर होतो.

पहिली गोष्ट जागा. प्रत्येक घराला अंगण मिळणार नाही, हे मी जाणते. पण घरातील एक खोली अशी असावी की जेथे "नको, पडशील" हे शब्द उच्चारले जाणार नाहीत. फरशीवर खडूने वाकडीतिकडी रेघ काढावी आणि मुलाला तीवरून चालावयास सांगावे. भरलेला पेला हातात देऊन चालावयास सांगितले तर खेळ आणखी रंगतो. जिना चढताना त्याला कडेवर घेऊ नये. पायांत शक्यतो काही नसावे. अनवाणी तळव्याला जमीन जे शिकवते ते बूट शिकवू देत नाहीत. आपल्या लहानपणीचा पांगुळगाडा आठवा. मूल स्वतः उभे राही, त्याला धरून ढकली आणि चाले. आज मिळणाऱ्या चाकांच्या बैठकीत मूल लोंबकळत बसते आणि पायाच्या बोटांनी जमीन खरवडते. तिने मूल लवकर चालत नाही. उलट जिन्यावरून कोसळण्यासारखे अपघात होतात, म्हणून कॅनडासारख्या देशाने २००४ साली तिच्या विक्रीवर बंदी घातली. जुने ते सारेच सोने नव्हे. पण पांगुळगाडा खरोखर सोन्याचा होता.

दुसरी गोष्ट वस्तू. यासाठी बाजारात जाण्याची आवश्यकता नाही. कणकेचा गोळा, मळावयास व लाटावयास, शेंगा, सोलावयास, चिंचोके आणि गुंड्या, वेचावयास व ओवावयास, दोन तांब्ये आणि थोडे पाणी, ओतावयास, ओला रुमाल, पिळावयास, जुना अंगरखा, गुंड्या लावावयास व सोडावयास. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अजून शिवणयंत्र आहे त्यांच्याकडे तर खजिनाच आहे. पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांतून नाडी ओवण्यास द्यावी. बोथट टोकाची लहान कात्री आणि कागदाच्या पट्ट्या द्याव्यात. मात्र गुंड्या, चिंचोके आणि कात्री देताना मोठ्या माणसाने जवळ बसावे, आणि तीन वर्षांखालील मुलाच्या हाती तोंडात जाईल अशी बारीक वस्तू मुळीच देऊ नये.

तिसरी गोष्ट वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसातून निदान १८० मिनिटे शारीरिक हालचाल मिळावी, त्यांपैकी निदान ६० मिनिटे दमवणारी असावी. एका जागी जखडून एक तासापेक्षा अधिक ठेवू नये. पडद्यासमोर बसणे दिवसातून एक तासाच्या आत असावे, त्याहून कमी तर अधिक चांगले. तीन तास म्हणजे फार वाटतात. परंतु सकाळी स्वतःचे कपडे स्वतः घालणे, बाजारापर्यंत पायी जाणे, सायंकाळी लंगडी, लपंडाव आणि चेंडू, हे सारे त्यात धरावयाचे आहे. वेळेचा आणखी एक अर्थ आहे. मुलाला गुंडी लावावयास पाच मिनिटे लागतात आणि आपल्याला पाच पळे. शाळेची गाडी येण्याच्या घाईत आपण ती लावून टाकतो, आणि दर सकाळी त्याचा एक धडा बुडतो. त्याला थोडे लवकर उठवावे. पण गुंडी त्याची त्यालाच लावू द्यावी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मोठी माणसे. मुलाने पाणी सांडले तर रागावू नये, फडके दाखवावे. पुसणे हाही हाताचा व्यायामच आहे. मुलीला "मुलीच्या जातीने झाडावर चढू नये" असे सांगू नये, आणि मुलाला भातुकलीतून उठवू नये. दोघांनाही दोन्ही कामे हवीत. दोघांचेही खांदे आणि बोटे सारखीच आहेत. एखादे मूल वरचेवर पडत असेल, दीड वर्ष उलटूनही चालत नसेल, किंवा एक हात जवळजवळ वापरीतच नसेल, तर मात्र "पुढे होईल आपोआप" म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टरांना दाखवावे. वेळीच पाहिले तर पुष्कळ उपाय करता येतात.

येथे काही पालकांचे एक गाऱ्हाणे मला ठाऊक आहे आणि त्याचा अनादर करण्याची माझी इच्छा नाही. ते म्हणतात, "बाई, तुमच्या बालवर्गात मुले वाळूत खेळतात आणि शेंगा सोलतात. समोरच्या शाळेत तीन वर्षांची मुले अक्षरे आणि अंक लिहितात. आमची मुले मागे पडतील." या भीतीमागे माया आहे. आपण कष्टाने वर आलो, मुलाने कोठे अडू नये, असे आपल्याला वाटते. पण ज्या मनगटाची हाडे अजून मऊ आहेत त्याला पानभर अक्षरे लिहावयास लावणे म्हणजे ओल्या भिंतीवर माळा चढवणे होय. मूल लेखणी आवळून धरते, बोटे दुखतात, आणि लिहिणे म्हणजे शिक्षा हे त्याच्या मनात पक्के बसते. तीन ते सहा या वयाचे शिक्षण खेळातून व कृतीतून व्हावे, हे आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मान्य केले आहे. ज्या साडेचार वर्षांच्या मुलाविषयी मी आरंभी बोलले, त्याला आम्ही वर्षभर पाटी दिली नाही. वाळू दिली, दोरीचा झोका दिला, पाणी दिले, गुंड्यांची चौकट दिली. त्याच्या आईनेही धीर धरला आणि घरी कणकेचा गोळा त्याच्या हाती दिला. वर्ष सरता सरता एके सकाळी तो धावत आला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "बाई, पाहा, मी माझा मीच सदरा घातला." एक गुंडी वरच्या काजात गेली होती आणि सदरा तिरपा झाला होता. तो सरळ करण्याचा मोह मी आवरला.

आता उद्याच्या सभेविषयी. आपल्या कार्यालयाच्या मागील अंगणावर सिमेंट घालून तेथे वाहने उभी करण्याची सोय करावी, असा ठराव सभेपुढे आहे. त्यामागील अडचण खरी आहे. लग्नसराईत पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर राहतात, शेजाऱ्यांशी वाद होतात, आणि कार्यालयाच्या उत्पन्नावरच आपल्या शिष्यवृत्त्या चालतात. मी स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेली आहे. त्या उत्पन्नाला मी कमी लेखणार नाही. पण ते अंगण हेच आपल्या बालवर्गाचे पुस्तक आहे. त्यातील कडुनिंब, मातीचा उंचवटा, नळाजवळचा चिखल ही त्याची पाने आहेत. आज बालवर्गात येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी अंगण नाही. येथलेही गेले तर त्यांना दुसरे कोठे मिळणार?

म्हणून मी विरोध करीत नाही, एक मधला मार्ग सुचवते. रस्त्याच्या बाजूचा निम्मा भाग गाड्यांसाठी घ्यावा. झाडाखालचा निम्मा भाग मातीचाच ठेवावा, आणि मध्ये कुंपण घालून फाटकाला कुलूप लावावे, म्हणजे गाड्यांचे भय राहणार नाही. त्या भागात आठ हात लांब व आठ हात रुंद असा वाळूचा हौद करावा आणि रात्री त्यावर ताडपत्री घालावी, म्हणजे कुत्री-मांजरे ती घाण करणार नाहीत. नळाची एक तोटी मुलांच्या उंचीवर आणावी. झाडाला जाड दोर बांधावा आणि चार-पाच पायऱ्यांचा लाकडी जिना ठेवावा. समाजात सुतारकामाची आवड असलेले तरुण आहेत. साहित्याचा खर्च एका लग्नाच्या सजावटीहूनही कमी येईल. आणि शिवणकाम जाणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे की, प्रत्येकाने गुंडी-काजाची एक चौकट बालवर्गाला शिवून द्यावी. ज्या हातांची कला आपण रक्तात शोधत होतो, ती अशा रीतीने नातवंडांच्या हाती पोहोचेल. ती मुले पुढे शिंपी होतील की शल्यचिकित्सक, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. हात कुशल असला म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

पूर्वजांनी आपल्याला घरे आणि धंदा दिला, आणि नकळत एक ओटीही दिली. घरे आपण नवी बांधली, धंदे नवे शोधले. ती ओटी मात्र मुलांसाठी पुन्हा उभारून देणे हे आपले काम आहे, आणि त्याची सुरुवात उद्याच्या सभेत हात वर करून करता येईल.